एका मुसळीची दहा लाख रोपं

सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात मुंबईचं एक उपनगर आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात ही वनस्पती शास्त्राच्या दप्तरी नोंदवली आणि तिला बोरिवलीचं नाव दिलं. पहिल्या दोन-चार सरी पडल्या की जमिनीतून गवतासारख्या पातींचा झुबका वर येतो, त्यातून दांडा निघतो आणि दांड्यावर पांढरी, चांदणीसारखी छोटी फुलं लागतात. पावसाळा सरला की पानं पिवळी पडून गळतात आणि वर काहीही उरत नाही. खाली मात्र एका बसक्या चकतीला बोटांसारख्या मांसल मुळ्यांचा घोस लटकलेला असतो. त्या मुळ्या सोलून वाळवल्या की पांढऱ्याशुभ्र होतात. बाजारात मुसळी म्हणून विकली जाते ती हीच. ठाणे-पालघरच्या बाजारात जुलैमध्ये येणारी कुलूची किंवा फोडशीची जुडी याच कुळातली. तिकडे पानं भाजी म्हणून खातात, आणि पूर्वेला सुमारे हजार किलोमीटरवर, छत्तीसगडच्या सालवनांत, मुळ्या औषध म्हणून खणतात.

या वनस्पतीचा विचार करायला रायपूरसारखं दुसरं शहर नाही. समता कॉलोनीतून जी. ई. रोडला लागून पुढे गेलं की शासकीय आयुर्वेद महाविद्यालय लागतं. तिथे मुसळी हे द्रव्य आहे, चूर्ण आहे, मात्रा आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कृषक नगरात, १९८७ साली स्थापन झालेलं इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. तिथे मुसळी हे पीक आहे. दक्षिणेला धमतरीच्या मंडीत तीच मुसळी पोत्यात भरलेला माल होते, आणि त्याही पलीकडे, रानात, ती कुणा गोंड वैद्याच्या ओळखीची जागा असते. नवं राज्य झाल्यावर लगेच, २००१ साली, छत्तीसगडने स्वतःला ‘हर्बल राज्य’ जाहीर केलं. त्याच सुमारास मुसळीच्या लागवडीची मोठी लाट आली. ती विदर्भात आणि खानदेशातही आली होती. लावणीच्या मुळ्या इतक्या महाग विकल्या गेल्या की पीक बाजारात नेण्यापेक्षा ते बेणं म्हणून दुसऱ्या शेतकऱ्याला विकण्यातच फायदा दिसू लागला. मग भाव कोसळले. पैसा बुडाल्याची चर्चा पुष्कळ झाली. त्या लाटेत बेण्यासाठी रानातून जे उपसलं गेलं, त्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

बेण्याच्या या टंचाईवर उपाय म्हणून प्रयोगशाळा पुढे आली, आणि तिची बाजू भक्कम आहे. मुसळीचं बी नीट उगवत नाही. मुळ्यांपासून लावायचं तर प्रत्येक मुळीला वरच्या चकतीचा डोळा असलेला तुकडा लागून यावा लागतो. नुसतं बोट लावलं तर ते कुजतं. म्हणजे एका झाडापासून वर्षाला मोजकीच रोपं. टिश्यू कल्चर, म्हणजे ऊतिसंवर्धन, ही अडचण पार करतं. मुसळीच्या चकतीवरचा कोंब काढून वाहत्या पाण्याखाली धुतात, मर्क्युरिक क्लोराइडच्या अगदी सौम्य द्रावणात काही मिनिटं बुडवून निर्जंतुक करतात आणि लॅमिनारच्या स्वच्छ हवेच्या झोतात, ज्योतीवर तापवून घेतलेल्या चिमट्याने, काचेच्या बाटलीतल्या पोषक जेलीवर ठेवतात. ही जेली बहुधा मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली दिलेल्या कृतीची असते. तीत क्षार असतात, जीवनसत्त्वं असतात, लिटरला ३० ग्रॅम साखर असते, घट्टपणासाठी आगार आणि कोंब फुटावेत म्हणून सायटोकायनिन. बाटल्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर उकडून घेतलेल्या असतात. मग पंचवीस अंशांच्या खोलीत, दिवसाला सोळा तास उजेडाखाली, त्या कोंबाच्या बुडाशी नवे कोंब फुटू लागतात. तीन-चार आठवड्यांनी ते सुटे करून नव्या बाटल्यांत लावायचे. शेवटी मुळं फुटायच्या माध्यमावर ठेवून बाहेर काढायचे आणि दमट शेडमध्ये हळूहळू उघड्या हवेची सवय लावायची. हा शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड, कारण बाटलीत वाढलेल्या पानाला पाणी राखून ठेवायची सवय नसते.

महाराष्ट्राला हे कसब परकं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्कारेन्हस आणि जगन्नाथन यांच्या गटाने १९८०च्या सुमारास जुन्या, उत्तम सागवृक्षांपासून बाटलीत रोपं तयार केली. १९९० साली त्याच प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी बाटलीतल्या बांबूला फुलं आणली आणि ‘नेचर’ने ते छापलं. जो बांबू रानात फुलायला दशकं घेतो, तो काचेत काही महिन्यांत फुलला. या विद्येबद्दल आदर ठेवूनच पुढचं म्हणायचं आहे.

थोडा गुणाकार करू. एका कोंबाचे चार आठवड्यांत चार झाले, असं धरलं तर दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे चाळीस आठवड्यांत, चाराचा दहावा घात मिळतो: १०,४८,५७६. सडणं, मरणं, वाळणं वजा करूनही आकडा प्रचंड राहतो. पण या दहा लाख रोपांत झाड एकच आहे. त्या सगळ्यांच्या पेशींत एकाच मातृरोपाची जनुकं आहेत. त्या मातृरोपाला जो रोग सोसत नव्हता तो दहा लाखांनाही सोसणार नाही. त्याच्या मुळीत जो गुण कमी होता तो सगळ्यांत कमी. ऊतिसंवर्धनाच्या धंद्यात याला दोष मानत नाहीत, कारण धंदा मुळात याचसाठी आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. तीत दोन गोष्टी तपासतात: रोप विषाणूमुक्त आहे का, आणि ते मातृरोपाशी जनुकीयदृष्ट्या जुळतं का. दोन्ही तपासण्या हव्यातच. पण दोन्ही मिळूनसुद्धा एक प्रश्न विचारलाच जात नाही: मातृरोपं किती होती, आणि कुठल्या रानातली? केळीच्या किंवा उसाच्या बाबतीत तो विचारला नाही तर एक वेळ चालेल. रानातून विरळ होत चाललेल्या औषधी वनस्पतीच्या बाबतीत तो पहिला असायला हवा. ‘वनस्पती वाचवली’ हे वाक्य रोपांच्या संख्येवर उभं राहू शकत नाही, मातृरोपांच्या संख्येवरच उभं राहतं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

औषधी वनस्पतीत वैविध्य म्हणजे नेमकं काय, हे समजायला सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं उदाहरण उपयोगी पडतं. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेत १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. पुढे त्याच्यापासून कर्करोगावरची टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आली. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं, आणि कोकणापासून कोल्हापूरपर्यंतच्या डोंगरांतून हे झाड पोत्यांनी तोडलं जाऊ लागलं. पुढे बेंगळुरूच्या संशोधकांनी सह्याद्रीभरच्या नरक्याचे नमुने तपासले तेव्हा दिसलं की द्रव्याचं प्रमाण झाडागणिक आणि डोंगरागणिक वेगळं आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. तोडणाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या लेखी सगळं लाकूड सारखंच होतं. ज्या डोंगरावरची झाडं संपली, त्या डोंगराचं रसायनही त्यांच्याबरोबर संपलं, आणि ते किती मोलाचं होतं हे आता मोजताही येणार नाही. मुसळीतल्या सॅपोनिनांचं, म्हणजे औषधी मानल्या जाणाऱ्या द्रव्यांचं, प्रमाणही वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या वाणांत वेगवेगळं भरतं. सगळ्या रानांतले नमुने गोळा व्हायच्या आधीच एक मातृरोप ‘उत्तम’ म्हणून निवडायचं, म्हणजे पेपर न तपासता पहिला नंबर जाहीर करायचा.

यावर वैद्य आणि औषध कारखानदार दोघेही एकच हरकत घेतात, आणि ती वजनदार आहे. औषधाला सारखेपणा लागतो. या पुडीत गुण जास्त आणि त्या पुडीत कमी, असं असेल तर मात्रा ठरवायची कशी? रानातून आलेल्या मुसळीत तर भेसळही असते. तिच्या जवळच्या जाती तिच्याच नावावर खपतात, आणि सोलून वाळवल्यावर ओळखू येत नाहीत. तेव्हा एका जाणलेल्या, तपासलेल्या रोपाच्या प्रती रुग्णाच्या हिताच्याच. हे पूर्ण मान्य आहे. पण सारखेपणा शेतात आणि कारखान्यात हवा, संग्रहात नव्हे. शेतकऱ्याला एक उत्तम वाण द्यायचा तर निवडीसाठी मागे शंभर वाण लागतात, आणि आजचा उत्तम वाण उद्या मूळकुजीला बळी पडला तर दुसरा काढायला तेच शंभर लागतात. जळगावची केळी पाहा. टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैन वाणाने तिथली शेती सावरली: बाग एकसारखी वाढते, घड जवळजवळ एका वेळी काढणीला येतात. पण जगातला केळीचा निर्यात-व्यापार याआधी एकदा, ग्रो मिशेल या एकाच वाणावर उभा असताना, पनामा रोगाने बसलेला आहे, आणि त्याच रोगाचा नवा प्रकार, जो ग्रँड नैनच्या कुळालाही सोडत नाही, तो बिहारपर्यंत आला आहे. केळीला जगभरचे संग्रह आहेत, संशोधनाला पैसा आहे. मुसळीच्या मागे रानाशिवाय कोण आहे?

दुसरी हरकत वनस्पतिशास्त्रातूनच येते: मुसळी निसर्गातही मुळ्यांवरून वाढते, म्हणजे रानातला झुबकाही एका अर्थी प्रतच आहे, मग बाटलीला दोष का द्यावा? यात तथ्य आहे, पण अर्धंच. रानातली मुसळी फुलते, कीटक एका झुबक्याचे पराग दुसऱ्यावर नेतात, बी धरतं. त्यातली थोडीच रुजतात. पण जी रुजतात ती नवीन असतात, आणि पिढ्यान् पिढ्या थोडं-थोडं नवीन मिसळत राहणं हेच रानाचं काम आहे. शिवाय बस्तरच्या पठारावरचे झुबके आणि बोरिवलीच्या डोंगरातले झुबके एका आईचे नाहीत. याच हरकतीची दुसरी बाजू अशी मांडतात की बाटलीतही बदल घडतात, ज्याला लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ साली ‘सोमाक्लोनल’ बदल असं नाव दिलं, मग वैविध्य तिथेच निर्माण होईल. हा दिलासा खोटा आहे. नक्कल करताना झालेल्या चुका म्हणजे वैविध्य नव्हे. तेलमाडाच्या बागांत हे महागात पडलं आहे: टिश्यू कल्चरची झाडं काही वर्षांनंतर फळाला आली तेव्हा अनेकांची फळं विकृत निघाली. २०१५ साली मलेशियातल्या संशोधकांनी दाखवलं की जनुकांची अक्षरं तीच होती. त्यांच्यावरच्या मिथाइलच्या खुणा बाटलीत पुसल्या गेल्या होत्या. रानातला फरक हजारो पावसाळ्यांनी पारखलेला असतो. बाटलीतल्या फरकाला कुणीच पारखलेलं नसतं.

आणि बाटली स्वतःही निवड करते. काही मातृरोपं साखरेच्या जेलीवर लवकर फुटतात, काही हटून बसतात. रोपांची मागणी डोक्यावर असलेल्या प्रयोगशाळेत लवकर फुटणारी ओळ फडताळ व्यापते आणि हटणारी ओळ सहा महिन्यांत गळून पडते. हे मुद्दाम कुणी करत नाही. पण जेलीवर चांगलं वाढणं हा गुण रानात, शेतात किंवा औषधात कशाचीच खूण नाही.

याच रायपुरात याहून शहाणं काहीतरी आधी घडून गेलं आहे. डॉ. राधेलाल रिछारिया यांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून धानाचे हजारो देशी वाण गोळा केले, नावानिशी आणि गावानिशी. तो वारसा आज कृषी विश्वविद्यालयाकडे आहे आणि संग्रह २३ हजारांच्या वर गेला आहे. त्यात औषधी मानले जाणारे धानही आहेत: लायचा त्वचारोगावर, गठुवन सांधेदुखीवर. बरीच वर्षं या समजुती खेड्यातच राहिल्या. मग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर याच वाणांच्या औषधी गुणांचा शोध सुरू झाला. रिछारियांनी ‘उत्तम दहा’ वाण निवडून बाकीचे सोडून दिले असते, तर तपासायला लायचा उरलाच नसता. अर्थात धानाची सोय मुसळीला नाही. धानाचं बी वाळवून थंड खोलीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. नीट न उगवणाऱ्या बियांची आणि मांसल मुळ्यांची मुसळी तशी ठेवता येत नाही. म्हणूनच तिच्या बाबतीत प्रयोगशाळा टाळता येणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत अशा वनस्पती बाटल्यांत मंद वाढीवर आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राखायची सोय आहे. महाराष्ट्रानेही २०२२ साली स्वतःच्या जनुक कोशाला मंजुरी दिली. साधनं आहेत. त्यांत काय ठेवायचं हा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर अवघड नाही, आणि ते आकड्यांतच मिळतं. समजा, एका रानातल्या मुसळीत रोग सोसण्याचं एक जनुक-रूप शेकडा पाच प्रतींत आहे. प्रत्येक रोपात जनुकाच्या दोन प्रती असतात. एकच मातृरोप आणलं तर ते रूप हाती लागण्याची शक्यता साधारण दहा टक्के. एकमेकांपासून दूरची तीस मातृरोपं आणली तर तीच शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. फक्त तीस! अशी दहा रानं धरली तर तीनशे मातृरोपं. आता दहा लाख रोपांचा गुणाकार पुन्हा करा: तीनशे ओळींतून तेवढीच रोपं हवी असतील तर प्रत्येक ओळीने साडेतीन हजारांच्या आतच द्यायची आहेत, आणि चाराचा सहावा घात ४,०९६ होतो. म्हणजे दहाऐवजी सहा फेऱ्या पुरतात. फेऱ्या कमी झाल्या की नकलेच्या चुका होण्याची संधीही कमी. वैविध्य राखायचं तर उत्पादनाला फटका बसेल ही जी भीती असते, तिच्या उलट इथे वैविध्य बाटलीतला मुक्काम सोळा आठवड्यांनी कमी करतं. खर्च वाढतो तो वेगळ्या ठिकाणी: तीनशे ओळी वेगळ्या निर्जंतुक करायच्या, वेगळ्या ठेवायच्या, हटणाऱ्या ओळीलाही तिचा वाटा द्यायचा आणि प्रत्येक बाटलीवर कोंब कधी बदलला या तारखेबरोबर मातृरोपाचा क्रमांक आणि रानाचं नाव लिहायचं. शेतकऱ्याकडे जाणारी निवडक रोपं आणि रानात परत जाणारी मिश्र रोपं हे दोन वेगळे मार्ग ठेवायचे, आणि प्रमाणपत्राच्या कागदावर दोन्हींसाठी वेगळा रकाना. हे काम कष्टाचं आहे, पण त्याला नवा शोध लागत नाही.

एक हरकत उरते आणि ती सगळ्यात कठीण आहे. रोपं स्वस्त झाली की रानावरचा भार आपोआप हलका होईल, मग रानाचा वेगळा विचार कशाला? हे घडताना दिसत नाही, कारण शेतातल्या मुसळीला बेणं, मजुरी, सोलणावळ लागते आणि रानातल्या मुसळीला खणणाऱ्याचा एक दिवस लागतो. त्या खणणाऱ्याला दोष देणं अन्यायाचं आहे. पावसाळ्याच्या शेवटी घरात पैसा नसतो आणि रान जवळ असतं. अडचण खणण्याच्या वेळेची आहे. मुसळी पिकते ती पानं गळल्यावर, पण पानं गळली की ती रानात सापडत नाही. म्हणून ती हिरवी असतानाच, बी पडायच्या आधी, चकतीसकट उपसली जाते. जुने जाणकार खुणेची काठी रोवून ठेवायचे आणि पानं गळल्यावर येऊन मुळ्या काढून डोळ्याची चकती परत मातीत दाबायचे; त्या चकतीतून पुढच्या जूनला झुबका वर यायचा. हीच काठी आता प्रयोगशाळेलाही लागणार आहे. तीनशे मातृरोपं कुठल्या तीनशे झुबक्यांतून घ्यायची हे ठरवायचं तर झुबके दिसत असतानाच रानात जावं लागेल, त्या रानाच्या जाणकाराला मजुरी आणि श्रेय दोन्ही देऊन बरोबर घ्यावं लागेल, आणि प्रत्येक झुबक्यातून एकच डोळा घेऊन बाकीचा घोस तिथेच ठेवावा लागेल. रायपूरहून निघायचं तर जुलै ते सप्टेंबर एवढेच दिवस मिळतात. ऑक्टोबरात पाती वाळतात, आणि मग जूनपर्यंत मुसळी कुठे आहे हे फक्त काठीलाच माहीत असतं.